मल्हारीचा ऊस

दिवाळीचे आकाशकंदील अजून दारावरून उतरलेले नसतात, फराळाच्या डब्यात तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरलेला असतो, आणि एका सकाळी वाऱ्यावर तो वास येतो. गोडसर, आंबूस, डोक्यात बसणारा मळीचा वास. साखर कारखाना सुरू झाला, हे मग वरवंडात कुणाला सांगावं लागत नाही. समोरच्या काकू नाकाला पदर लावूनच बाहेर येतात आणि तरी तोंडभर हसून म्हणतात, "चला बाई, पेटला एकदाचा!" दुसऱ्या दिवसापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर जाळलेल्या पाचटाची काळी काळी कुसळं पडायला लागतात. झटकायला जावं तर पांढऱ्या ओढणीवर रेघ उमटते. मग मी ओढणीला, राखेला आणि कारखान्याला एकदमच शिव्या घालते.

मग उसाचे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे रस्ता झाडत चाललेले, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर ते गाण्यांचे भोंगे. गाणं आधी येतं, ट्रॅक्टर मागून. अर्धं वरवंड या दिवसांत खुशीत असतं. हॉटेलवाल्यांच्या कढया उतरत नाहीत, गोठ्यांमध्ये वाढ्यांची, उसाच्या हिरव्यागार शेंड्यांची, चंगळ असते. मी मात्र लांबून गाणं ऐकू आलं की हातातलं काम टाकून उभी राहते. आता कुणीतरी धावत रस्त्यावर जाणार, असं वाटतं. इथं कुणी जाणार नसतं. तो मुलगा इथून लांब, तिकडे शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवर राहतो. आणि तोही आता धावत नाही.

मी विशेष शिक्षिका. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला आजतागायत पाहुण्यांना सांगता आलेलं नाही. ती म्हणते, "शाळेतच आहे हो, पण पोरं वेगळी असतात." ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्यांची समज वयाच्या मागे राहिली, अशा मुलांना शिकवायचं, आणि जी शाळेपर्यंत पोचतच नाहीत त्यांच्या घरी जायचं, हे माझं काम. तेव्हा माझ्याकडे तळेगावच्या आसपासची गावं होती. डोक्याला स्कार्फ गुंडाळून, शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून माझी स्कूटी रोज जायची. तोंडाची मी आधीपासून फटकळ, त्यात हे ट्रॅफिक. मुलांच्या घरी पोचेपर्यंत माझं निम्मं भांडण रस्त्यातच उरकलेलं असायचं.

उरलेलं निम्मं मल्हारीच्या घरी झालं. वस्ती धनगरांची. मल्हारीच्या आजोबांनी, आबांनी, उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे काढलेली, पार कोकणात उतरून परत यायचे. पुढे कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. मुलगा शिक्रापूरला कंपनीत जायला लागला. सून शोभाताई शेत बघायची, म्हशी बघायची, आणि मल्हारीला बघायची. मल्हारी तेव्हा सोळा-सतराचा. उंचापुरा, ओठावर मिसरूड फुटलेली, डोळे शांत. बोलत नव्हता, एक शब्दही नाही. डॉक्टरांच्या भाषेत स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग, वस्तीच्या भाषेत देवाचं लेकरू, आणि वस्ती चिडली की त्याच भाषेत येडं.

हंगाम नुकताच सुरू झाला होता. मी स्कूटी लावली आणि गोठ्याकडे पाहिलं तर म्हशीशेजारी मल्हारी. पायाला दावं. दुसरं टोक मेढीला, लाकडी खांबाला. घोट्याला दावं काचू नये म्हणून खाली जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली, अगदी निगुतीनं. त्या पट्टीनं मला जास्तच पेटवलं. म्हणजे हे रागाच्या भरात केलेलं नव्हतं, रोजचं होतं, सवयीचं होतं! मी तोंड सोडलं. पोटच्या पोराला जनावरासारखं बांधता, लाज वाटत नाही का, कायदा माहीत आहे का, वगैरे जे जे आठवलं ते सगळं बोलले. शोभाताई शेणाचे हात घेऊन ऐकत उभ्या राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दुपारच्याला येता, च्या पिऊन जाता. ट्रॅक्टर सकाळधरनं येत्यात. पोरगं चाकाखाली गेलं तर तुमचा कायदा काय करंल?"

मी स्कूटी वळवली. आणि सकाळचे ट्रॅक्टर स्वतः बघायचे म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन बसले.

त्या थंडीतल्या सकाळी मला अजून अंगावर जाणवतात. अंगणातली बाज, पाठीवर कोवळं ऊन, धुरकट साखरचहा, त्यात दूध नावाला आणि साखर मात्र वाटीभर. ऊस तोडायला आलेल्या टोळीच्या कोप्या, पाचटाची खोपटं, समोरच्या फडात, तिथून येणारा भाकरीचा वास. शोभाताईंना सांगून मी दावं सोडायला लावलं आणि आबांना रस्त्याच्या तोंडाशी उभं केलं. "मास्तरीणबाई, पोरगं गेलं तर माझ्या म्हाताऱ्याच्यानं धरवंल व्हय?" ते म्हणाले. "धरू नका, नुसतं ट्रॅक्टरला हात करा," मी म्हटलं. मग आम्ही वाट बघत बसलो.

तोपर्यंत मल्हारीच्या पळण्याची कारणं मला ढीगभर मिळाली होती. शोभाताई म्हणायच्या, गाण्याचा आवाज त्याच्या डोक्यात जातो. शेजारीण म्हणायची, अमावास्येकडे जास्त होतं. बाप म्हणायचा, हट्ट हाय, दुसरं काय न्हाई. आता मला स्वतःला आवाजाचंच पटलं होतं. पण लांबून गाणं आलं आणि मल्हारीनं कान झाकले नाहीत. घरात मिक्सर लावला तर हा पोरगा दोन्ही कानांत बोटं घालून भिंतीला तोंड करून बसायचा. इथं तर तो उठला, मान वर करून ऐकू लागला, चेहरा उजळला, आणि सुटला. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा, आणि घशाच्या शिरा ताणून ती किंकाळी. ट्रॅक्टर करकचून थांबला. ड्रायव्हरनं आधी एक कचकचीत शिवी घातली. मग तोच ड्रायव्हर खाली उतरला, ट्रॉलीतून एक ऊस उपसला, गुडघ्यावर मोडला आणि मल्हारीच्या हातात दिला. "घे रं बाबा, हो बाजूला."

मल्हारी बाजूला झाला. रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला आणि दातांनी सोलून ऊस खाऊ लागला. इतका शांत झाला की बघत राहावं. रस हनुवटीवरून ओघळत होता, डोळे मिटलेले. पुढच्या ट्रॅक्टरला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच!

मी आबांना विचारलं, "हे सगळेच देतात का त्याला ऊस?" आबांना माझाच प्रश्न अजब वाटला. "आवं, रस्त्याच्या उसाला कोण न्हाई म्हणतंय? वाटसरू मागंल त्याला द्यायाचा. आमी बी मागायचो मेंढरामागं जाताना. आन् ह्ये तर देवाचं लेकरू." आमच्या भागातली ही रीतच आहे. कारखान्याला चाललेल्या गाडीतला एखादा ऊस कुणी मागितला तर नाही म्हणायचं नाही. शाळेतली पोरं मागतात, कडेवर मूल घेतलेली बाई मागते. मल्हारीला तोंडानं मागता येत नव्हतं. त्याला रस्त्यात उभं राहून किंचाळता येत होतं, आणि किंचाळलं की भले लोक ऊस देत होते. सगळ्यांनी मिळून, मायेनं, रीतीला धरून त्या पोराला चाकांसमोर उभं राहायला शिकवलं होतं. आणि मग मायेनंच, काचू नये म्हणून पट्टी गुंडाळून, त्याला बांधलं होतं.

याच्या आदल्या उन्हाळ्यात पुण्याला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. सकारात्मक वर्तन आधार, असं भारदस्त नाव. एसी हॉल, जेवणात गुलाबजाम, दुपारनंतर निम्म्या बाया पेंगत होत्या, त्यात मीही. पण जेवढं ऐकलं तेवढं लक्षात राहिलं होतं. मुलाला शिक्षा करू नका. ते तसं का वागतंय, त्यातून त्याला काय मिळतंय, ते शोधा. तीच गोष्ट मिळवायचा दुसरा, सुखरूप मार्ग त्याला शिकवा. आणि त्याच्या भोवतालची माणसं बदला. हे शेवटचं त्या तज्ज्ञ बाईंनी फार घाईनं उरकलं होतं, चहा आला होता म्हणून.

दुसरा मार्ग म्हणून मी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी घेतली. ऊस हवा असेल तर वाटी आणून समोरच्याच्या हातात द्यायची, ओरडायचं नाही, वाट बघायची. वाटीत उसाचे करवे, सोललेले तुकडे, मिळतील. इतकं सोपं. आणि इतकं सोपं शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. शोभाताई मल्हारीच्या मागे बसून त्याचा हात धरायच्या, वाटी उचलायला लावायच्या, माझ्या तळहातावर ठेवायला लावायच्या, आणि मी लगेच करवा द्यायची. तो वाटी भिरकावायचा. म्हशीच्या अंगावर, शेणात, एकदा थेट माझ्या कपाळावर. "लागलं का वं?" म्हणून शोभाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग मीही हसले. त्या घरात आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. कपाळावर टेंगूळ घेऊन मी संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, "वेगळी पोरं म्हणजे अशी असतात होय!"

आणि एका सकाळी, मी स्कूटी उभी करतेय तोवर, मल्हारी आतून वाटी घेऊन आला. मागे कुणी नव्हतं, हात कुणी धरला नव्हता. त्यानं वाटी माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. माझ्याकडे नाही, हाताकडे. थांबला होता तो. सोळा-सतरा वर्षं ज्या मुलाला एकदाही काही मागता आलं नव्हतं, ते मूल मागून थांबलं होतं. मला इतकं भरून आलं की करवा द्यायचंच विसरले. शोभाताई आतून ओरडल्या, "मॅडम, द्या की, किती वाट बघंल त्यो!"

भोवतालची माणसं बदलणं मात्र वाटीनं होणार नव्हतं. ट्रॅक्टरवाले ऊस देत राहिले असते तर वाटी कुणाला हवी होती? म्हणून एके दिवशी आबांना स्कूटीवर मागे बसवून मी कारखान्यावर गेले. लाल मुंडासं, हातात काठी, आणि माझ्या खांद्याला त्यांनी अशी काही मिठी मारलेली की समोरून येणारे लोक थांबून बघत होते. वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत बसलेले. मी आपलं सगळं समजावून सांगितलं. दत्तू नावाचा एक बेरकी ड्रायव्हर म्हणाला, "म्हंजी मॅडम, देवाच्या लेकराला उसाला न्हाई म्हणायचं? पाप लागंल की." मी म्हटलं, "आबांच्या हातात द्या ना. पुण्य तेवढंच लागेल, आणि पोरगं चाकाखाली येणार नाही." सगळे हसले. आबांनी काठी उगारून दम भरला, "रस्त्यावर दिलास तर बघ, टाळक्यात हाणीन." आणि त्यांनी ऐकलं! त्यांनी खरंच ऐकलं. ट्रॅक्टर वस्तीसमोरच्या गतिरोधकापाशी हळू व्हायचा, ड्रायव्हर ऊस ओढून आबांच्या हातात द्यायचा, आबा तो अंगणात आणायचे, शोभाताई कोयत्यानं करवे करायच्या, मल्हारी वाटी द्यायचा.

पायातलं दावं सुटलं ते पारडीच्या गळ्यात गेलं.

त्या हंगामाचं मला काय काय आठवतं! ऊस चघळण्याचा त्याचा एका लयीतला आवाज. अंगणभर चघळून टाकलेल्या चोयट्या आणि चोयट्यांवर मुंग्यांच्या रांगा, आणि झाडून झाडून वैतागलेल्या शोभाताई. गाणं आलं की मल्हारी आबांच्या शेजारी जाऊन उभा राहायचा, त्यांच्या काठीचं टोक धरून, आणि गाण्याच्या तालावर डुलायचा. त्याला ती गाणी आवडत होती, आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. संक्रांतीला शोभाताईंनी मला वाण दिलं आणि म्हणाल्या, "यंदा मी बाजारला गेले मॅडम. तळेगावच्या बाजारला, निवांत." पोर जन्मल्यापासून ही बाई निवांत बाजारात गेली नव्हती. होळीच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, वास गेला, रस्ता रिकामा झाला. मला वाटलं, जमलं आपल्याला. मी गावोगावच्या आयांना मल्हारीची गोष्ट सांगत सुटले, अगदी चेव आल्यासारखी.

आता वाटतं, कशाला सांगत होते? एक हंगाम. फक्त एक हंगाम तो पोरगा मोकळा राहिला.

त्या पावसाळ्यात आबा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. भोवतालची माणसं बदला, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मल्हारीच्या भोवतालची माणसं म्हणजे शेवटी एक म्हातारा होता, आणि तो गेला. मल्हारी अठराचा झाला आणि शाळेच्या पटावरून त्याचं नाव निघालं. आमचं काम अठरापर्यंतच. पुढे काय, असं मी वरिष्ठांना विचारलं तर ते समजूतदारपणे म्हणाले, "मॅडम, पुढचं आपल्याकडे नाही." मग कुणाकडे आहे? ते त्यांनाही माहीत नव्हतं. तालुक्याला विचारलं, जिल्ह्याला विचारलं, सगळे गोड बोलले. अठरा पूर्ण झाल्यावर ही मुलं जणू हवेत विरून जातात. तेवढ्यात माझी बदली दौंड तालुक्यात झाली. वरवंडला खोली घेतली, इथली मुलं मिळाली, त्यांच्या घरांची दारं ओळखीची झाली. आणि वस्तीसमोरचा रस्ता सिमेंटचा झाला. गुळगुळीत, रुंद. गतिरोधक गेला.

पुढच्या हंगामाचं मी पाहिलेलं नाही, शोभाताईंनी फोनवर सांगितलं तेवढंच. दत्तू आणि त्याच्याबरोबरचे ड्रायव्हर दुसऱ्या कारखान्याकडे गेले होते, नवे बाहेरचे होते. शोभाताई मागच्या रानात पाणी धरायला गेलेल्या. गाणं ऐकू आलं. मल्हारी रस्त्याच्या तोंडाशी गेला, तिथं आबा नव्हते. मग तो रस्त्यावर गेला, ट्रॅक्टरकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं वाटी पुढे केली. ओरडला नाही. शिकवलं होतं तसा, वाटी धरून, गप्प थांबला. ड्रायव्हर नवखा, कोवळा पोरगा होता, त्याला तो दिसला ते अगदी शेवटी. त्यानं वाचवायला स्टेअरिंग फिरवलं, मागची ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत उलटली, ट्रॅक्टर आडवा झाला. मल्हारीला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हरचा पाय गेला.

"आदी वरडायचा ना मॅडम," शोभाताई फोनवर म्हणाल्या, "तवा लांबून कळायचं तरी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. कारण चूक माझी होती असं मी आजही म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर तोंडावर सांगेन की मी शिकवलं ते बरोबर शिकवलं, आणि ते पोर बरोबर शिकलं. एका मुलानं बरोबर शिकून काय होतं, जर तिथं हात पुढे करायला कुणीच उभं नसेल? वस्तीवर माणसं जमली, ड्रायव्हरच्या गावचे लोक आले, बोलाचाली झाली. मल्हारीच्या बापानं सगळ्यांसमोर गोठ्यातून दावं आणलं. त्याला तरी मी काय बोलणार होते? माझ्या झोपेतून मात्र तो कोवळा ड्रायव्हर जात नाही. त्याला मी कधी पाहिलेलंही नाही.

त्यानंतर मी फोन करत राहिले, जायचं मात्र टाळत राहिले. वरवंडच्या मुलांमध्ये मी काम करते, मूल तसं का आणि कशासाठी वागतं ते अजूनही शोधते, आयांना अजूनही सांगते की मारू नका, बांधू नका. त्या ऐकतात. त्यांच्या डोळ्यांत आशा उगवलेली दिसली की मी चहा लवकर संपवून उठते.

या वर्षी वास आला आणि मला राहवेना. पहिल्याच रविवारी निघाले. तळेगाव सोडल्यावर तोच फड, तशाच कोप्या, पाचटाचा तसाच धूर. शोभाताई अंगणात कोयत्यानं ऊस सोलत बसल्या होत्या. केस पिकलेले, हात तेवढेच चपळ. "या या मॅडम, लई दिसांनी वाट चुकला," म्हणून त्यांनी बाज झटकली. आणि मल्हारी ओट्यावर बसलेला होता. मोकळा! पायात काही नाही, घोट्याला ती साडीची पट्टी तेवढी. मी जवळजवळ ओरडलेच, "मोकळा ठेवलाय तुम्ही!" शोभाताई म्हणाल्या, "मी समोर असले की सोडती. आवाज आला की बांधायचा."

मल्हारी बाप्या झाला होता. दाढी वाढलेली, अंग सुटलेलं. मला त्यानं ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, तो सरकला नाही, एवढ्यावरच मी खूश झाले. शोभाताई घरचं काय काय सांगत होत्या, पारडीची आता म्हैस झाली म्हणून हसत होत्या. तेवढ्यात लांबून गाणं आलं.

मल्हारीनं मान वर केली, आणि उठला. मीही झटकन उठले, त्याला आडवी व्हायला म्हणून रस्त्याच्या बाजूला धावले. पण तो रस्त्याकडे वळलाच नाही. गोठ्यात गेला. खुंटीवरचं दावं काढलं. परत आला आणि ते माझ्या हातावर ठेवलं.

ठेवून थांबला, माझ्या हाताकडे बघत. ओरडला नाही, ओढलं नाही. मग ओट्याच्या मेढीला टेकून खाली बसला आणि पाय पुढे केला.

"हे काय करतोय हा?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, मला दिसत होतं.

"बांधला की मी करवं देती ना," शोभाताई म्हणाल्या. "मंग गप ऱ्हातो दिसभर. आता त्योच आणून देतो बगा दावं. तुम्हीच शिकवलं न्हवं, पाह्यजे ते हातात आणून द्यायचं. गुणाचं झालंय पोरगं."

मी दावं बाजूला टाकलं. परातीतले मूठभर करवे उचलले आणि त्याच्यापुढे धरले. "घे मल्हारी. असाच घे. बांधायचं नाही, खायचं." त्यानं करव्यांकडे पाहिलं, माझा हात ढकलला, वाकून दावं उचललं आणि पुन्हा माझ्या हातावर ठेवलं. मी पुन्हा करवे धरले. गाणं जवळ येत होतं. तो कण्हायला लागला, मग त्यानं स्वतःचं मनगट दातांत धरलं आणि दात रुतवले. तिथं आधीचे वण होते, एकावर एक.

"द्या मॅडम बांधून, ट्रॅक्टर आला."

काय करायला हवं ते मला माहीत होतं. इथं रोज यायला हवं, रोज, सगळा हंगाम. दाव्याशिवाय ऊस मिळतो हे त्याला पहिल्यापासून शिकवायला हवं, रस्त्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहायला हवं, ड्रायव्हरांना जाऊन भेटायला हवं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. आणि मी संध्याकाळच्या आत वरवंडला परतणार होते, हेही मला माहीत होतं. त्याच्या मनगटावर रक्त दिसायला लागलं.

मी खाली बसले. दाव्याचं एक टोक मेढीला अडकवलं, दुसरं पट्टीवरून फिरवलं आणि गाठ मारली. मल्हारीनं लगेच मनगट सोडलं आणि हात पुढे केला. मी करवा दिला. तो चघळायला लागला, डोळे मिटले, रस दाढीत ओघळला. ट्रॅक्टर आला, अंगण थरथरलं, गाणं पुढे निघून गेलं.

शोभाताई वाकल्या आणि त्यांनी माझी गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"सैल हाय, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि ती सोडून त्यांनी पुन्हा आवळून बांधली.